टांकसाळ, हिरा आणि एक घाट

युरेहून सिल्व्हर्टनकडे निघालेली गाडी दरीच्या बाजूने चढते. अमेरिकेत वाहनं उजवीकडून धावतात, त्यामुळे चालकाशेजारी बसलेल्याच्या खिडकीखाली थेट अनकंपाग्रे नदीची घळ येते. कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ ढकलायला दरीशिवाय जागा नसते.

कोलोरॅडोतल्या या सुमारे २५ मैलांच्या घाटाचं नाव ‘मिलियन डॉलर हायवे’. कुणी म्हणतं खर्चावरून पडलं, कुणी म्हणतं भरावाच्या मातीत सोनं होतं म्हणून. दुसरी कथा जास्त गोड आहे. मला तेवढ्यानेच तिचा संशय येतो.

मूळ वाट १८८० च्या दशकात ऑटो मिअर्सने कडा फोडून काढली. रशियन साम्राज्यात जन्मलेला हा पोरका ज्यू मुलगा. त्याचा टोलनाका बेअर क्रीकच्या धबधब्याच्या माथ्यावर होता, जिथे चुकवून जायला वाटच नव्हती. नाक्याची जागा हेरणारी ही नजर आपल्याला अनोळखी नाही. त्याआधी, १८७३ च्या करारात, यूट लोकांकडून हे डोंगर काढून घेताना मध्यस्थांमध्येही तो होता. १८८१ मध्ये इथल्या यूटांना युटाहकडे हाकललं गेलं. गावाला नाव मात्र त्यांच्याच नायकाचं, युरेचं, राहिलं.

११,०१८ फुटांवरच्या रेड माउंटन खिंडीभोवती खाणी निघाल्या त्या मुख्यतः चांदीच्या. चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक होतं आपला रुपया. मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शके. जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने ही मोकळीक बंद केली आणि चांदीचा भाव कोसळला. नोव्हेंबरात अमेरिकेने सरकारी चांदीखरेदीचा कायदाही रद्द केला. तोवर कोलोरॅडोतल्या खाणी बंद पडू लागल्या होत्या आणि मिअर्सची रिओ ग्रँड सदर्न रेल्वे दिवाळखोरीत गेली होती. फोर्टातल्या टांकसाळीवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

चांदी बुडाल्यावर लोक सोनं शोधू लागले. युरे सोडताच घाटातून कँप बर्डचा फाटा फुटतो. तिथे १८९६ मध्ये आयरिश टॉमस वॉल्शला चांदीवाल्यांनी फेकून दिलेल्या दगडांत सोनं सापडलं. १९०२ मध्ये त्याने ती खाण पन्नास लाखांहून अधिक डॉलरला विकली. पुढे त्याच्या मुलीने, एव्हलिनने, नवऱ्यासह १९११ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्याकडून एक निळा हिरा घेतला. सासर वॉशिंग्टन पोस्टच्या मालकांचं, तेव्हा पैसा निव्वळ खाणीचा नव्हता. पण सासरच्या श्रीमंतीला तोडीस तोड असं माहेर तिला मिळालं ते याच डोंगरामुळे.

तो होप हिरा. १७ व्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्नियेने भारतातून नेलेल्या दगडातून घडवलेला. तो दगड गोवळकोंड्याच्या राज्यातल्या, कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला मानतात. १९५८ पासून हिरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कोल्लूर पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेलं आहे.