लांबलचक शब्दांतला 'ओ'

छातीत भरपूर हवा भरून घ्या आणि हा शब्द एका दमात म्हणून पाहा : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस! इंग्रजीत याचे स्पेलिंग लिहावयाचे तर 45 अक्षरे लागतात. इंग्रजी शब्दकोशांत जागा मिळालेल्या शब्दांत हा सर्वांत लांब म्हणून ओळखला जातो.

हा शब्द एखाद्या डॉक्टरने बनविला असेल असे तुम्हाला वाटेल. पण तसे नाही. 1935 साली अमेरिकेतील 'नॅशनल पझलर्स लीग' या कोडी सोडविणाऱ्या हौशी लोकांच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम लांबवून रचला. म्हणजे ही एक गंमतच होती. परंतु गंमत असली तरी रचना अगदी नियमाला धरून आहे. आपण त्याचे तुकडे पाडू या. 'न्यूमोनो' म्हणजे फुप्फुस, 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडचे, 'मायक्रोस्कोपिक' म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसण्याजोगे, 'सिलिको' म्हणजे सिलिका, 'व्होल्कॅनो' म्हणजे ज्वालामुखी, 'कोनि' म्हणजे धूळ आणि शेवटचा 'ओसिस' म्हणजे विकाराची अवस्था. ज्वालामुखीतून उडालेली सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुप्फुसाचा विकार, असा सरळ अर्थ निघाला.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि या शब्दातली अक्षरे मोजा. इंग्रजी मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारे अक्षर म्हणजे 'ई'. कोणत्याही इंग्रजी पुस्तकाचे एक पान मोजून खात्री करून घ्या. तारायंत्राच्या मोर्स लिपीत 'ई'साठी नुसते एक टिंब ठेवले आहे ते याचसाठी. जे अक्षर पुन्हा पुन्हा पाठवावयाचे त्याची खूण सर्वांत आखूड हवी. पण आपल्या 45 अक्षरी शब्दात 'ई' आहे फक्त एकदा! आणि 'ओ'? तो आहे तब्बल नऊ वेळा.

असे का व्हावे? कारण हा शब्द इंग्रजी असला तरी त्याची हाडे बहुतेक ग्रीक आहेत. ग्रीक भाषेत दोन शब्द जोडताना मधे बहुधा 'ओ' घालतात. भिंतीत दोन विटांमध्ये चुना असावा तसा हा 'ओ' असतो. 'थर्म' म्हणजे उष्णता आणि 'मीटर' म्हणजे मापक. मधे 'ओ' घातला की थर्मोमीटर झाला. नऊपैकी सगळेच 'ओ' असे चुन्याचे नाहीत हेही खरे. 'न्यूमोनो'तला शेवटचा, 'मायक्रो'तला आणि 'सिलिको'तला असे तीन सांध्याचे आहेत. बाकीचे त्या त्या शब्दाच्या अंगचेच.

लॅटिन भाषेची तऱ्हा निराळी. तिथे सांध्याला बहुधा 'आय' हे अक्षर येते. कार्निव्होर (मांसभक्षक) आणि हॉर्टिकल्चर (बागशेती) यांची स्पेलिंगे लिहून पाहा. मोठा शब्द दिसला की त्याच्या मधोमध 'ओ' आहे की 'आय' ते आधी पाहावे. घराणे पुष्कळदा कळते. अर्थात मिश्रविवाहही आहेतच. टेलिव्हिजनमधला 'टेलि' ग्रीक आणि 'व्हिजन' लॅटिन!

सांधा चुकीच्या ठिकाणी शोधला तर मात्र फसगत होते. हेलिकॉप्टरचे तुकडे सगळेजण 'हेलि' आणि 'कॉप्टर' असे पाडतात. खरे तुकडे आहेत 'हेलिक' आणि 'प्टर', मधे आपला नेहमीचा 'ओ'. हेलिक म्हणजे मळसूत्र, प्टर म्हणजे पंख; मळसूत्रासारखे फिरणारे पंख असलेले यंत्र. टेरोडॅक्टिल या प्राचीन उडत्या सरीसृपाच्या नावात हाच 'प्टर' आरंभी आला आहे. इंग्रज माणसाला आरंभीचा 'प्ट' उच्चारता येत नाही, म्हणून 'पी' लिहावयाचा आणि गिळून टाकावयाचा. संस्कृतातील 'पत्' म्हणजे उडणे हा धातू आणि ग्रीक प्टर ही एकाच कुळातली भावंडे. तुमचा पतंगही त्याच घरचा.

ग्रीक शब्दांची आणखी एक खूण म्हणजे 'पी-एच', 'टी-एच' आणि 'सी-एच' या जोड्या. 'फोटो'ला सरळ 'एफ' का नाही आणि 'क्रोमोसोम'मध्ये 'एच' कशाला, असे वाटून आपण वैतागतो. प्राचीन ग्रीकांचे हे उच्चार आपल्या फ, थ, ख यांसारखे, म्हणजे प, त, क यांत हकार मिसळून केलेले होते. रोमन लिपीत त्यांना अक्षरेच नव्हती. म्हणून रोमन लोकांनी पुढे 'एच' जोडून काम भागविले. इंग्रजांच्या तोंडी तो उच्चार उरला नाही, स्पेलिंग मात्र उरले. ही स्पेलिंगे पाठ करताना मनात मराठी फ, थ, ख आणून पाहा. इंग्रज मुलांना ही सोय नाही!

एक सुंदर शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही : डर्मॅटोग्लिफिक्स. त्वचेवरील, विशेषतः बोटांवरील व तळहातांवरील, रेषांचा अभ्यास. 'डर्मॅट' म्हणजे त्वचा, 'ग्लिफ' म्हणजे कोरीवकाम. हॅरॉल्ड कमिन्स आणि चार्ल्स मिड्लो या शास्त्रज्ञांनी 1926 साली तो तयार केला. त्यात 15 अक्षरे आहेत आणि एकही अक्षर दोनदा आलेले नाही. एकाचा ठसा दुसऱ्याशी न जुळणाऱ्या विषयाला नाव तरी किती शोभणारे!

आता पहिल्या शब्दाकडे परत जाऊ. तो शब्द कोड्यासाठी रचलेला असला तरी विकार खोटा नाही. डॉक्टर त्याला 'सिलिकोसिस' म्हणतात, नुसती नऊ अक्षरे. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. दगड फोडताना, कापताना किंवा घासताना उडालेली सिलिकाची बारीक धूळ पुरते. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीरातील भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण धरत जातो. मऊ फुप्फुस कडक होते, धाप लागते, क्षयरोगही लवकर जडतो. झालेले व्रण भरून आणणारे औषध नाही.

तुमच्या आईवडिलांनी पाटीवर ज्या दगडी पेन्सिलीने अक्षरे गिरविली, तशा पेन्सिली मध्य प्रदेशातील मंदसौर भागात करवतींनी दगड कापून बनवीत. तेथील कामगारांच्या 1970 आणि 1980 च्या दशकांतील तपासण्यांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला. त्यांत तरुण माणसेही पुष्कळ होती. दगडावर पाणी सोडून कापले, करवतीजवळच धूळ ओढून घेणारे पंखे बसविले, तर नाकापर्यंत येणारी धूळ पुष्कळच कमी होते.