सुरतेचे जेवण आणि श्रावकाचे ताट

व्यापाऱ्याने गाव बदलले म्हणजे त्याची पेढी, त्याचे आडत्ये आणि त्याच्या ओळखी बदलतात, हे आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु या सर्वांच्या अगोदर बदलते ते त्याचे ताट, आणि त्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. खानदेशातून सुरतेस येऊन पर्वत पाटिया येथे बिऱ्हाड थाटल्यावर आम्हांस जे शिकावयास मिळाले, त्यातील कापडाचा भाग येथे बाजूस ठेवून केवळ स्वयंपाकघराचा भाग वाचकांपुढे ठेवीत आहोत. नव्याने सुरतेस येणाऱ्या आपल्या बंधुभगिनींस त्याचा काही उपयोग होईल अशी आशा आहे.

पाटिया म्हणजे पाटी. हमरस्त्यावरून आतल्या गावाकडे वळण्याची खूण सांगणारी पाटी जेथे असे, त्या फाट्यास गुजरातेत त्या गावाचे पाटिया म्हणतात. पर्वत गावचा फाटा तो पर्वत पाटिया. आज या फाट्याभोवती बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत रिंग रोडच्या कापड बाजारात गाळे असलेली राजस्थानी, गुजराती व खानदेशी कुटुंबे शेजारी शेजारी नांदत आहेत. अमळनेर, नंदुरबारकडील माणसास सुरत तशी परकी नाही. ताप्ती व्हॅलीच्या लोहमार्गाने आपली माणसे अनेक पिढ्या येथे येत-जात आहेत. आणि ज्या तापीचे पाणी आपण भुसावळास पाहतो तीच तापी येथे समुद्रास मिळते. तरीही आमच्या मातोश्रींच्या मनात एक धास्ती होती. परगावी गेलेल्या घरांतून प्रथम नियम सुटतात आणि मग ते सुटले हेही ध्यानात राहत नाही, असे त्यांनी पाहिले होते. ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ ही म्हण त्यांच्या कानी होती, आणि त्या म्हणीतील पहिल्या भागाचेच त्यांस भय वाटत होते.

भाजी की शाक?

आम्ही आलो ते आषाढात. दुसऱ्याच दिवशी गृहिणीने दारावर आलेल्या हातगाडीवाल्यास ‘भाजी द्या’ म्हणून सांगितले, तेव्हा त्याने तांदुळजाची मोठी जुडी पुढे केली. तिने मान हलविली, तर त्याने दुसरी पालेभाजी काढली. मराठीत भाजी या एका शब्दात दोडक्यापासून मेथीपर्यंत सर्व काही येते. गुजरातीत मात्र भाजी म्हणजे पालेभाजीच, आणि बाकीचे सारे शाक. चौमासी बसण्याच्या सुमारास श्रावकाच्या दारी पाल्याच्या जुड्यांचा हा आग्रह पाहून शेजारच्या वृद्ध बा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “चोमासामां भाजी न लेवाय, बेन, शाक लो.” या एका वाक्यावर दोन्ही घरांचा जो स्नेह जडला तो आजतागायत आहे.

बांच्या सोबतीने मग गृहिणीने नवी बाराखडी गिरविली. तोंडली येथे टिंडोळां होतात, दोडका तुरियां होतो, आपले गिलके गलकां म्हणून ओळखीचे निघते, आणि चवळीच्या शेंगांस चोळी म्हणतात. कापडाच्या गावी चोळी भाजीवाल्याकडेही मिळते, हे ऐकून आमच्या घरी पुष्कळ हशा पिकला. येथे रताळू म्हटले की जांभळा कंद समजावा, आपले रताळे नव्हे. अर्थात दोन्ही कंदमुळेच असल्याने आपणांस त्या भेदाचे काम नाही.

पुणा-कुंभारिया रस्त्यावर सुरतेच्या बाजार समितीचे सरदार मार्केट आहे. पहाटे तेथे एकदा तरी जाऊन यावे. ओलपाड, कामरेज, बारडोलीकडील मालाने भरलेल्या गाड्या उजाडण्यापूर्वी उतरत असतात. दुष्काळी वर्षांची सवय असलेल्या आमच्या डोळ्यांस ती हिरवाई प्रथम खरी वाटली नाही. काळी जमीन, १९५० च्या दशकात बांधलेला काक्रापारचा बंधारा, १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण आणि त्यांचे कालवे यांची ती करणी आहे. उकाईचे साठलेले पाणी मागे आपल्या नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पोहोचते; तेव्हा या हिरवाईत खानदेशाचाही थोडा वाटा आहे असे म्हणावयास हरकत नाही.

उंधियाचे चार महिने

कार्तिकी पौर्णिमा उलटली आणि आम्हांस सुरतेची खरी ओळख पटली. फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आठ महिने आपल्यांतील अनेक घरे पालेभाजी वर्ज्य करतात. उरलेले चार महिने तेच, ज्यांत सुरतेची पापडी कोवळी असते, तुरीच्या शेंगांत दाणा भरतो आणि मेथी-कोथिंबिरीस स्वाद येतो. उंधियुं हा पदार्थ नेमका याच काळातला. मडके उंधे, म्हणजे पालथे, ठेवून त्यावर विस्तव करून भाज्या शिजवीत, त्यावरून हे नाव पडले. आता घरोघरी तो सरळ पातेल्यातच होतो.

प्रचलित उंधियात कंद, बटाटे, वांगी आणि लसणाची हिरवी पात हे सारे असते. आणि हे सारे आपल्यास वर्ज्य. मग उरले काय, असा प्रश्न आम्हांसही पडला होता. बांनी करून दाखविले. कतारगामच्या नावाने प्रसिद्ध असलेली सुरती पापडी हाताने सोलून, शिरा काढून घेतली; तुरीचे हिरवे दाणे, कच्ची केळी, मेथीची मुठियां, ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि ओवा. कंदाची उणीव केळ्याने भरून काढली. त्या दिवशी आमच्या मातोश्रींनी दुसऱ्यांदा वाढून घेतले, ही गोष्ट आमच्या घरी अपूर्वच होती. सुरतेतील निरामिष पाककलेस मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकात येथे वीरजी व्होरा यांच्यासारखे धनाढ्य जैन व्यापारी होऊन गेले, आणि १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासास निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या प्रवासवर्णनात येथील वाणी मंडळींच्या शाकाहाराची नोंद करून ठेविली आहे.

पोंक आणि अतिचार

पौषाच्या थंडीत पोंक आला. पोंक म्हणजे आपला हुरडाच. आपल्याकडे कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजून हातावर चोळतात. येथे भट्टीत भाजून, कापडात गुंडाळून काठीने झोडपतात व दाणे मोकळे करतात. महाराष्ट्रात हुरड्याच्या एका वाणासच सुरती असे नाव आहे, हे स्मरले तेव्हा आम्हांस माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. लिंबू-मिऱ्याची शेव घालून मुलांनी तो आवडीने खाल्ला, आणि आम्हीही.

त्याच पंधरवड्याच्या चतुर्दशीस पाक्षिक प्रतिक्रमण होते. मूर्तिपूजक परंपरेतील पाक्षिक अतिचारांच्या गुजराती पाठात सातव्या व्रताच्या ठिकाणी ज्या खाद्यांची आलोचना केली जाते, त्यांत ओळा, उंबी, पोंक आणि पापडी यांची नावे आहेत. वर्षानुवर्षे आम्ही तो पाठ ऐकत आलो. परंतु पोंक म्हणजे काय हे खानदेशात आम्हांस ठाऊक नव्हते, म्हणून तो शब्द कानावरून जात असे. त्या दिवशी मात्र तो थेट मनात शिरला. शेजारी बसलेल्या आमच्या मुलाने आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही खाली पाहिले.

घरी यावर पुष्कळ बोलणे झाले. ज्यास जीभ ताजेपणा म्हणते त्यास शास्त्र सचित्त म्हणते. भाजीची जी टवटवी आपणांस बाजारात भुलविते तीच तिच्यातील जीवाची खूण आहे. अर्धवट भाजलेल्या हिरव्या दाण्याचा दोष सांगितला आहे तो याचसाठी. उपाश्रयात विराजमान असलेल्या महाराजसाहेबांस विचारले, तेव्हा त्यांनी रागावून काही सांगितले नाही. पदार्थ पुरता शिजलेला आहे की अर्धा कच्चा, हे आधी पाहा, असे ते म्हणाले. आणि जे सोडाल ते दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून सोडू नका, असेही त्यांनी सांगितले. मातोश्रींनी त्याच क्षणी पोंक सोडला. आम्ही विस्तवावर शेकलेली पापडी सोडली, शिजविलेली ठेविली. मुलाने पोंक सोडलेला नाही, परंतु पर्वतिथीस तो त्यास शिवत नाही. घरात एकमत झाले नाही, हे आम्ही प्रांजळपणे लिहितो. तथापि न कळत खाणे आणि कळून ठरविणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर आम्ही सुरतेत येऊन ओलांडले.

कोरडे दिवस

अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी घरात येत नाही. या दिवशी आमच्या खानदेशी शिदोरीचा भाव वधारला. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या मुलखाने साठवणीची कला फार वाढविली आहे. लसूण न घालता केलेल्या ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आणि तिच्याबरोबर घट्ट डाळ, एवढ्यावर तिथीचे ताट भरते. बांच्या घरी त्या दिवशी मूग-चवळीचे कठोळ ठरलेले. त्यांस आमची कळण्याची भाकरी इतकी आवडली की आता चतुर्दशीस त्यांच्याकडील डबा रिकामा येतो आणि भरून जातो, आणि इतर दिवशी आमचा तसाच त्यांच्याकडून भरून येतो. या देवघेवीची नोंद कोणत्याही वहीत नाही, आणि बाकीही कधी निघत नाही.

गाळा आणि सूर्यास्त

बाजारातील मंडळींसाठी एक अडचण सांगणे अवश्य आहे. डिसेंबरात सुरतेस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि गाळ्यावर गिऱ्हाइकाची खरी वेळ तीच. प्रथम वर्षी चौविहार वारंवार मोडला. भुकेच्या वेळी लोचो किंवा खमण हाताशी असते. परंतु एका दुकानी ‘जैन’ म्हणून मागितलेल्या लोचोतही आले निघाले, तेव्हापासून आम्ही विचारून घेतो आणि शक्यतो घरचाच डबा पाहतो. आता आम्ही व शेजारचे तीन-चार गाळेवाले पाच वाजता डबे उघडून एकत्र बसतो. दलाल आला तर त्यालाही बसवितो. अर्ध्या तासाने धंदा बुडत नाही, हा आमचा हिशेब अनुभवाने ठरला आहे.

शेवटी एक विनंती. आपल्यांपैकी कोणी नवे कुटुंब सुरतेत, किंबहुना कोणत्याही परगावी, बिऱ्हाड करील तेव्हा जुन्या रहिवाशांनी त्यांस बाजारभाव सांगण्याबरोबरच एक सकाळ भाजीबाजारात न्यावे, कोणत्या महिन्यात काय घ्यावे हे सांगावे, आणि पहिल्या तिथीस त्यांच्या घरी एक डबा पाठवावा. आमच्या मातोश्रींची धास्ती असल्याच एका डब्याने गेली. मागील महिन्यात आमच्या मजल्यावर धरणगावचे एक कुटुंब आले. त्यांच्या सूनबाईंनी हातगाडीपाशी ‘भाजी’ म्हणताच मातोश्री लगबगीने बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, “अगं, शाक म्हण, शाक.”