एका मिलिमीटरमध्ये किती विषय?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यात येतं. इथली ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पडलेल्या पावसावरून पिकं ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना आवर घालायचा, हे गावानेच ठरवलं. या कामाचे नेते पोपटराव पवार यांना २०२०चा पद्मश्री मिळाला. हा ताळेबंद कोणत्याही शाळेला वर्गात आणता येईल, आणि माझ्या मते दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलांसाठी याहून जिवंत पाठ नाही.

सुरुवात पाऊस मोजण्यापासून करा. सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाशी खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी भरा, तिथे शून्याची रेघ ओढा आणि वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा करा. झाला पर्जन्यमापक! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर १० बाय ६ मीटर असेल आणि २० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर १,२०० लिटर पाणी पडलं. गणित इथेच सुरू होतं. विहिरीची पातळी दर महिन्याला दोरीने मोजली की त्यात भूगोल येतो. (दोरी मोठ्यांनीच सोडावी.) आजी-आजोबांकडून १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून घेतल्या, तर इतिहास आणि मराठी दोन्ही.

नोंदवही एकच ठेवावी आणि ती पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे सोपवावी. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की मुलांना आलेख काढून ग्रामसभेत मांडायला सांगता येईल.