रशियाच्या महानगरांतील वसंत

वसंत म्हटला की आपल्याला आठवतो तो आंब्याचा मोहोर, कोकिळेची साद आणि गुढीला बांधलेली कडुनिंबाची डहाळी. परंतु आपल्या चैत्राचे चित्र मनात धरून कोणी मार्चअखेर मॉस्कोला उतरला, तर त्याची चांगलीच फजिती व्हायची. झाडे उघडीबोडकी, रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग, पायाखाली चिखल! 'हाच का तुमचा वसंत?' असे तो विचारील. पण जरा कान देऊन ऐका. घराघरांच्या पागोळ्या टपटपत आहेत. या ठिबकण्याला रशियन भाषेत स्वतंत्र शब्द आहे, इतके ते त्या लोकांना प्रिय. आमच्याकडे वसंत डोळ्यांना दिसतो. तिथे तो आधी कानांना ऐकू येतो.

याचे कारण उघड आहे. वर्षाचे चार-पाच महिने जिथे जमीन बर्फाखाली असते, तिथे ऊन परत येणे हीच मोठी बातमी. पूर्वी थंडी सुरू झाली की घराच्या दुहेरी खिडक्यांच्या फटी कापूस नि कागद लावून बुजवीत, आणि वसंतात एके दिवशी त्या उघडीत. त्या दिवशी घरात पहिली मोकळी हवा येई. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाआधी एक आठवडाभर 'मास्लेनित्सा' नावाचा सण असतो. त्यात आपल्या धिरड्यासारखी गोल 'ब्लिनी' खातात, आणि ती गोल का, तर सूर्य गोल म्हणून! ईस्टरच्या आदल्या रविवारी हाती ताडाची पाने घ्यावयाची. पण ताड तिथे कुठला? म्हणून लवदार कळ्यांच्या वाळुंजीच्या डहाळ्या घेतात.

आता मॉस्को पाहू. या नगराचा पहिला लेखी उल्लेख ११४७ सालचा. क्रेमलिन म्हणजे तटबंदीचा किल्ला. त्याचा आजचा विटांचा तट १४८५ ते १४९५ या काळात उभा राहिला, आणि तो बांधण्यासाठी इटलीहून कारागीर आणले होते. शेजारी तांबडा चौक. हे नाव विटांमुळे पडले नाही, की क्रांतीमुळेही नाही. ज्या शब्दाचा अर्थ आज 'तांबडा' होतो, त्याचाच जुना अर्थ 'सुंदर' होता. चौकाच्या टोकाला रंगीबेरंगी घुमटांचे सेंट बेसिलचे देवालय आहे. काझान जिंकल्याची आठवण म्हणून चौथ्या इव्हानने ते बांधविले. १५६१ साली ते पुरे झाले. क्रेमलिनच्या आत सुमारे २०० टन वजनाची एक घंटा जमिनीवरच ठेवलेली आहे. १७३५ साली ती ओतली. १७३७ च्या आगीत तापली, आणि तापलेल्या धातूवर पाणी पडताच अकरा टनांहून अधिक वजनाचा टवका उडाला. ती कधीच वाजली नाही. १८१२ साली नेपोलियन आला तेव्हा तर बहुतेक शहरच जळून गेले. राखेतून पुन्हा उठणे मॉस्कोला नवे नाही.

आपल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९६१ साली हा देश पाहिला आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. मॉस्कोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसविण्यात आला.

मॉस्कोहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग १८५१ सालचा. वसंतही याच वाटेने, दक्षिणेकडून उत्तरेकडे, सावकाश सरकत जातो. वाटेत वोल्गाकाठी त्वेर हे गाव लागते. इथे जरूर उतरावे, कारण इथला एक व्यापारी, अफानासी निकितिन, पंधराव्या शतकात आपल्या चौलच्या बंदरात उतरला होता! वाटेत वोल्गाच्या मुखाशी लुटारूंनी त्याला लुटले. त्यात त्याची पुस्तकेही गेली. तो पावसाळ्यात जुन्नरला राहिला, मग बीदरला गेला. धर्मग्रंथ हाताशी नसल्याने ईस्टर कधी येतो हेच त्याला कळेना, आणि याचे दुःख त्याने आपल्या प्रवासवर्णनात फिरून फिरून लिहून ठेवले आहे. आपल्या गावचा वसंताचा सण परमुलखात हरवावा, याहून मोठे पोरकेपण कोणते? परत जाताना, घरी पोहोचण्याआधीच, तो वारला. त्वेरला नदीकाठी १९५५ साली त्याचा पुतळा उभारला. आपल्या रेवदंड्यातही त्याचे स्मारक आहे.

शेवटी सेंट पीटर्सबर्ग. मॉस्को वाढत गेले. हे नगर मात्र हुकमाने वसविले. १७०३ साली पीटरने नेवा नदीच्या मुखाशी दलदलीत त्याचा पाया घातला. दगड कमी पडू लागला, तेव्हा १७१४ साली इतरत्र दगडी बांधकामाला बंदी केली, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीने व होडीने दगड आणलाच पाहिजे असा दंडक घातला. दोन शतके ही राजधानी होती. १९१४ साली ती पेट्रोग्राड झाली, १९२४ साली लेनिनग्राड, आणि १९९१ साली पुन्हा पहिले नाव आले.

इथला वसंत नेवेवर पाहावा. आधी नदीचे स्वतःचे बर्फ फुटून समुद्राकडे जाते. हवा ऊबदार होते, लोक जाड कोट काढतात, आणि तोच वर लाडोगा सरोवराचे बर्फ फुटून खाली येते व पुन्हा गारठा पडतो. नदीवर पहिला कायमचा पूल १८५० साली झाला. तोवर बर्फ वाहू लागले की तरते पूल काढून घ्यावे लागत आणि शहराचे तुकडे पडत. आता एप्रिलपासून रात्री मोठे पूल मधोमध उघडतात आणि जहाजे जातात. याच दिवसांत बाजारात एक लहान मासळी येते. तिला ताज्या काकडीचा वास येतो, आणि तो वास म्हणजेच तिथला वसंत!

परंतु या नगराचा एक वसंत विसरता येत नाही. ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत, ८७२ दिवस, जर्मन फौजांचा वेढा होता. पहिल्या हिवाळ्यात काम न करणाऱ्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे. हर्मिताज संग्रहालयातील चित्रे आधीच दूर हलविली होती. भिंतींवर नुसत्या रिकाम्या चौकटी उरल्या. लाडोग्याच्या गोठलेल्या पाठीवरून धान्याच्या मोटारी येत; म्हणजे जे बर्फ माणसे मारीत होते, तेच त्यांना जगवीतही होते. मार्च १९४२ मध्ये, उभेही राहवत नसलेले लोक फावडी घेऊन रस्त्यांवर उतरले. हिवाळाभर साचलेली घाण उन्हाने वितळली तर साथ येणार, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी शहर झाडून काढले. १५ एप्रिलला ट्राम पुन्हा धावली. सेंट आयझॅकच्या देवळासमोर, जिथे फुलांचे ताटवे असत, तिथे कोबी लावला.

त्याच चौकात बियाण्यांची संशोधन-संस्था आहे. देशोदेशींचे गहू, तांदूळ, डाळी तिथे पाकिटांत भरून ठेवल्या होत्या. त्यांची राखण करणारे अनेक शास्त्रज्ञ त्या हिवाळ्यात उपासमारीने गेले. तांदळाचा अभ्यासक तांदळाच्या पाकिटांमध्येच मेला. पाकिटे त्याने फोडली नाहीत. बियाणे मोडून खाऊ नये, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण स्वतःचा प्राण जात असता ते जपणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

पिस्कार्योव्हच्या दफनभूमीत त्या काळातले सुमारे पाच लाख मृत विसावले आहेत. ९ मे हा रशियाचा विजयदिन. त्या दिवशी लोक तिथे फुले घेऊन येतात. राजवाडे आणि घुमट अवश्य पाहावेत. पण प्रवाशाने एक सकाळ या मातीसाठी राखून ठेवावी. तिथे उगवणारे कोवळे गवत पाहिले, की पागोळ्यांच्या ठिबकण्याला त्या लोकांनी स्वतंत्र शब्द का दिला, हे नीट उमगते.