सुरकुत्यांचे मोल

जाहिरातीतील निष्कलंक चेहरा आज बहुधा कॅमेऱ्यापेक्षा संगणकाचीच निर्मिती असतो. जर्मन छायाचित्रकार पीटर लिंडबर्ग (१९४४–२०१९) यांनी ही रीत नाकारली. १९८८ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर, उघड्या उजेडात त्यांनी साध्या पांढऱ्या शर्टांतील हसऱ्या तरुणी टिपल्या. २०१७ च्या पिरेली दिनदर्शिकेत तर सत्तरी ओलांडलेल्या अभिनेत्री हेलन मिरेन यांच्या सुरकुत्याही त्यांनी राखल्या.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून फ्रान्समध्ये, मॉडेलचा बांधा कृत्रिमरीत्या बारीक वा जाड केलेल्या व्यापारी छायाचित्रावर तसा उल्लेख सक्तीचा झाला. उल्लंघनास ३७,५०० युरोंचा दंड ठरला. हा कायदा स्वागतार्ह खरा. परंतु त्याची कक्षा बांध्यापुरतीच. पुसलेल्या सुरकुत्या आणि उजळलेली त्वचा त्यातून निसटतात.

लिंडबर्ग यांचा प्रकाश आणि क्षणही निवडलेलेच होते, हे मान्य. तरीही निवड वेगळी आणि भेसळ वेगळी. खोट्या चित्राचा नफा विक्रेत्याच्या पदरी पडतो. त्याची किंमत मात्र आरशासमोर खिन्न होणारी मुलगी मोजते. धान्यातील भेसळ जाणण्याचा ग्राहकाचा हक्क आपण मानतो. मग चेहऱ्यातील भेसळीबाबतच तो का नाकारावा?