वजन उतरवा, गुडघे सावरा

गुडघे दुखू लागले की आधी बंद होते ते चालणे. चालणे थांबले की वजन वाढते आणि वाढलेला भार पुन्हा गुडघ्यांवरच येतो. ‘एवढे वजन उतरणार कधी?’ या धास्तीने अनेकजण सुरुवातच करत नाहीत. वास्तविक थोडे वजन घटले तरी गुडघ्यांना बराच आराम मिळतो.

अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांना २००५ मध्ये आढळले की, एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात गुडघ्यांची झीज झालेले ४५४ स्थूल रुग्ण होते. दीड वर्षात नुसता व्यायाम करणाऱ्यांचे वजन जेमतेम दोन किलो घटले. आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचे मात्र दहा किलोंहून अधिक उतरले व वेदना जवळजवळ निम्म्या झाल्या.

म्हणून सुरुवात ताटापासून करावी. दिवसाकाठी चार कप चहात दोन-दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे दीडशे उष्मांक झाले. फोडणीचे तेल मोजून घ्यावे. भात-पोळी थोडी कमी करून उसळ, वरण, पालेभाजी, कोशिंबीर वाढवावी. उपाशी राहू नये. त्याने स्नायू झिजतात. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू असा उपास म्हणजे ‘एकादशी, दुप्पट खाशी’!

व्यायाम गुडघ्यांना झेपेल असाच हवा. सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटे दोन-तीनदा चालावे. शक्य असल्यास पोहावे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच अंक मोजून खाली घ्यावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा केल्यास मांडीचे स्नायू बळकट होतात व गुडघ्याला आधार मिळतो. सांधा सुजलेला वा गरम असेल, तर त्याला विश्रांती द्यावी.

आमवाताची गोष्ट थोडी निराळी. त्यात स्टिरॉइडमुळे भूक व वजन वाढू शकते. पण गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे असते. उलट काही कारण नसताना वजन घटू लागले, तरीही डॉक्टरांना दाखवावे.

ऐंशी किलो वजनाच्या व्यक्तीने पहिले उद्दिष्ट चार किलोंचेच ठेवावे. आठवड्याला अर्धा किलो या बेताने दोन महिने लागतील. पण तेवढ्यानेच दर पावलाला गुडघ्यावरचा सोळा किलोंचा भार उतरेल.