किनाऱ्यावरची तीस वर्षं

नौदलातल्या माणसाची कारकीर्द सांगताना आपण युद्धं, पदकं आणि जहाजांची नावं सांगतो आणि निवृत्तीच्या समारंभापाशी थांबतो. पुढे काय झालं, हे विचारायचं राहून जातं. हिशेब मांडला तर तो काळ बऱ्याचदा नोकरीइतकाच लांब निघतो. निवृत्तीनंतर महाराष्ट्रातल्या खेड्यांत राहायला गेलेल्या दोन ॲडमिरलांचंच पाहा.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा जन्म १९२७चा, सुरतेतला. १९४५ साली ते तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले आणि १९८३ मध्ये पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून मुंबईत निवृत्त झाले. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, माटुंग्यात जन्मलेले, १९९० ते १९९३ या काळात नौदलप्रमुख. १९७१च्या डिसेंबरात दोघे बंगालच्या उपसागरात एकाच ताफ्यात होते. विमानवाहू ‘विक्रांत’वरून उडणारी सी-हॉक विमानं कॉक्स बझार आणि चितगावला झोडपत होती. ‘विक्रांत’च्या सोबतीच्या जहाजांपैकी ‘कामोर्ता’ आवटींच्या ताब्यात होती, ‘ब्यास’ रामदासांच्या. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद करण्यात या जहाजांचा वाटा होता आणि दोन्ही कप्तानांना वीरचक्र मिळालं.

आवटी निवृत्त झाल्यावर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला गेले. पाऊस बेताचा, मुलूख दुष्काळी, आणि समुद्र घाटापलीकडे कुठल्या कुठे. आयुष्य पाण्यावर काढलेल्या माणसाने हे ठिकाण का निवडावं, असं लोकांना वाटायचं. पण समुद्राशी नातं ठेवायला समोर समुद्र लागतोच असं नाही. नोकरीत असतानाच, १९७८ मध्ये, त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली होती. त्यांच्या डोक्यात आणखी एक जुनं खूळ होतं: भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. निवृत्तीला वीसेक वर्षं उलटून गेल्यावर त्यांनी ते नौदलाच्या गळी उतरवलं.

पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी होडी बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटल्टन, फॉकलंडमधलं पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये परत आले. असा प्रवास एकट्याने पुरा करणारे ते पहिले भारतीय.

एकट्याने म्हणजे काय, हे कळायला जहाजावरची रोजची रीत ठाऊक हवी. तिथे दिवसाचे चार-चार तासांचे ‘वॉच’ पडतात. फक्त संध्याकाळच्या चार ते आठचे दोन तुकडे करतात, त्यांना डॉग वॉच म्हणायचं. त्यामुळे पाळ्यांची संख्या विषम होते आणि मध्यरात्रीची पाळी रोज एकाच माणसाच्या वाट्याला येत नाही. नवा माणूस वर येतो, आधीचा त्याला दिशा, वेग, दिसलेली जहाजं सांगतो आणि मगच खाली उतरतो. ‘म्हादेई’वर दोंद्यांना सोडवायला कोणी येणार नव्हतं. झोप मिळेल तशी, तुकड्या-तुकड्यांत घ्यायची. (निवृत्त नौसैनिकांच्या बायका सांगतात, ही पाळीची सवय अंगातून जात नाही, गृहस्थ पहाटे चारला उठून घरभर फिरतात.)

त्यानंतर अभिलाष टॉमी कुठेही न थांबता प्रदक्षिणा घालून आले, आणि २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ ही शिडाची होडी घेऊन प्रदक्षिणेला गेल्या. त्या मे २०१८ मध्ये गोव्यात परतल्या, तेव्हा आवटी नव्वदीत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात विंचुर्णीलाच ते गेले.

नौदलाचे दरवाजे महिला अधिकाऱ्यांसाठी १९९२ मध्ये उघडले, ते रामदासांच्या कारकिर्दीत. निवृत्त झाल्यावर ते अलिबागजवळच्या भायमळ्याला शेती करू लागले. वीरचक्राबद्दल सरकारने दिलेली ती जमीन. पुढे भारत-पाकिस्तान मैत्रीच्या चळवळीत उतरले, १९९८च्या अणुचाचण्यांना त्यांनी विरोध केला, २००४ मध्ये पाकिस्तानचे आय. ए. रहमान यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाकेबंदी करणाऱ्याने शांततेच्या गोष्टी कराव्यात, हे अनेकांना रुचलं नाही. मला त्यात विसंगती दिसत नाही. लढाई जवळून पाहिलेल्याला तिची किंमत ठाऊक असते, आणि घरात बसून युद्धाच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा त्याचं म्हणणं अधिक मन लावून ऐकायला हवं. मार्च २०२४ मध्ये नव्वदीत त्यांचं निधन झालं. निवृत्तीनंतर तीस वर्षं त्यांना मिळाली.

पण ही झाली ॲडमिरलांची गोष्ट. साताऱ्या-रत्नागिरीकडचा मुलगा अठराव्या वर्षी नौसैनिक म्हणून भरती होई आणि पंधरा वर्षांचा करार संपला की ऐन तिशीत पेन्शन घेऊन घरी येई. मुलं प्राथमिक शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर. त्याला निवृत्ती म्हणणंच चुकीचं आहे. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त शिकून आलेला इंजिनरूमचा माणूस नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जातंय ते सांगतो. तरी मर्चंट नेव्हीत शिरायचं तर त्याला वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. मग कोणी कारखान्यात देखभालीला लागतो, कोणी बँकेत, आणि बरेचजण सिक्युरिटीच्या गणवेशात गेटवर उभे राहतात. पेन्शन, कँटीन आणि माजी सैनिकांसाठीचा ईसीएचएसचा दवाखाना हा आधार आहे, पण हातातल्या कसबाला गिऱ्हाईक मिळवून देणं यातल्या कशालाच जमत नाही. माजी सैनिकांना नोकरी देतो म्हणणाऱ्यांनी गेटच्या आत, वर्कशॉपकडेही बोट दाखवावं.

आता तर करारच चार वर्षांचा झाला आहे. अग्निवीरांची पहिली तुकडी ओडिशातल्या ‘आयएनएस चिल्का’तून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली, त्यांची मुदत २०२६च्या अखेरीला भरते. चौघांतला एक जण नौदलात राहील. उरलेले तिघे पेन्शनशिवाय, बाविशी-पंचविशीत, आपापल्या गावच्या एसटी स्टँडवर उतरतील.